रेखाचा रोल प्ले

७ नोव्हें. २००६
ट्रेनिंग सुरू. कॅम्प २ वस्तीतला हॉल, खाली जीन्स शिवायच्या मशीनी, वर आम्ही. संस्थेत आता समुपदेशक ट्रेन्ड, म्हणजे ट्रेनिंग झालेलीच पाहिजे, असं फंडिंगवाल्यांनी आमच्या प्रमुख शैलाताईंना कळवलंय. जागा एकच. इतकी वर्षं वस्त्या तुडवल्या, आणि आता पुण्याचे सर मला बायांशी बोलायला शिकवणार. घ्या.
पहिलं वाक्य पाठ करून घेतलं: "इथं बोललेलं बाहेर जाणार नाही." सगळ्या एका सुरात, शाळेतल्यासारख्या.

८ नोव्हें.
रोल प्ले. मार खाणारी बाई मी. दुपारी परत मीच. नवऱ्यानं टाकलेली म्हटल्यावर हे काम माझ्याकडेच येणार. सर म्हणे, "नंदाताई, तुमचं नॅचरल येतं." नॅचरल म्हणे, खेटर.
समुपदेशक झाली रेखा. शैलाताई खूश. अहो, तिला संस्थेत आणली मी, चारचौघांत बोलायला शिकवलं मी. आयत्या बिळावर नागोबा. जागा तिला गेली तर मी पुन्हा सर्व्हे करत फिरायचं. आणि घरी वहिनी आहेच, "समाजसेवा करून काय मिळवलंत, वन्सं?"

९ नोव्हें.
लोडशेडिंग. पंखे बंद, मशीनी बंद. डबा खाताना रेखानं बाही वर करून दाखवली. नवरा उलथनं तापवून डाग देतो.
"कुणाला बोलू नका ताई. पोरीची शपथ."
म्हटलं, वेडी की काय, मी कशाला सांगेन.

१० नोव्हें.
शेवटचा दिवस. उठून सांगितलं, आज समुपदेशक मी. समोर बाई कोण बसणार? रेखाचं नाव मीच घेतलं. हसत आली. नवरा पितो, सासू बोलते, असलं काहीतरी रचून सांगायला लागली. सर घड्याळ बघायला लागले. मला दिसलं, जागा चालली.
विचारलं, "उलथनं तो स्वतः तापवतो, की तुला तापवायला लावतो?"
तिनं बाही खाली ओढली. मग रडली. खरं रडली.
सर म्हणाले, "बघा, असं मन उघडायचं." टाळ्या. शैलाताईंनी पाठीवर हात ठेवला.
वाईट वाटलं. अंबरनाथला घरी पोचेपर्यंत वाटलं.

१५ नोव्हें.
नेमणुकीची ऑर्डर हातात. टेबल, खुर्ची, दाराला पडदा. वहिनीनं न मागता चहा दिला.
रेखा येत नाही. फोन नवरा उचलतो. मी ठेवून देते.

१८ नोव्हें.
बॅचमधल्या एकीनं रेखाच्या सासूला सगळं सांगितलं. ती आणि सासू, दोघी जांभूळच्या. मला माहीत होतं दोघी एका गावच्या आहेत. बरं, होतं माहीत. पण जाऊन सांगितलं का मी? मी प्रश्न विचारला फक्त. बाकीचं त्या भवानीचं काम.

२० नोव्हें.
पहिली केस. शैलाताई पडदा सारून म्हणाल्या, "नंदा, ट्रेन्ड तूच आहेस, तूच घे."
रेखा. ओढणी जबड्यावरून घट्ट, कडेवर पोरगी.
बसवलं. शिकवलेलं बोलले. इथं बोललेलं बाहेर जाणार नाही.
ती म्हणाली, "मग तुम्हीच सांगा ना ताई. तुम्हाला पाठ आहे सगळं."
पोरीला पाणी पाजायला बाहेर गेलीय. तेवढ्यात हे लिहितेय. पडद्याखाली तिच्या चपला दिसतायत, परत येऊन उभीय. आत बोलवायला पाहिजे.