कोऱ्या पेट्रोलची बाटली

१७ तारीख, मंगळवार

प्रिय ठिणगीस,
दादाचे आशीर्वाद.

फार उशिरा लिहितोय, रागावू नकोस. तुझं पत्र येऊन सात महिने झाले. हरवलं वगैरे नाही, कपाटातच आहे. आधी माझा खोकला होता, मग चष्म्याची काडी तुटली, मग दुकानाचं छत गळायला लागलं. तुझी वहिनी म्हणते, "खोकल्याने हात बांधले जातात हे आजच ऐकलं." तिचं काय जातं बोलायला. पण आज सकाळी तिने कागद-पेन माझ्या पुढ्यात ठेवलं आणि दुकानाची किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. पत्र झाल्याशिवाय मिळणार नाही म्हणते. तेव्हा बसलोय. माझं शिक्षण तुला माहीत आहे, चुका असतील त्या सांभाळून घे.

तू बरी असशील. लेक आणि जावईबापू नीट बघत असतील. तिसरा मजला आहे म्हणे, जिना चढताना कठडा धरून चढ, घाई करू नकोस. गुडघ्यांना तेल लावतेस का? मशीनवर उशांचे अभ्रे शिवतेस असं तू लिहिलं होतंस. ते वाचून मला कसंतरीच झालं. तुझ्या हातात सुई शोभते ती कार्बोरेटरचा जेट साफ करायची.

इकडे गवत कापायच्या यंत्रांचा हंगाम सुरू झालाय. बागेचा माळी दिवसाआड एक यंत्र घेऊन येतो. सगळ्यांचं दुखणं एकच. पंपावरचं साधं पेट्रोल टाकीत तसंच ठेवायचं, महिनोन् महिने बघायचं नाही, आणि मग दोरी ओढून ओढून खांदा निखळवायचा. पेट्रोलमधलं इथेनॉल पाणी ओढून घेतं, रबरी नळ्या फुगतात, जेटमध्ये हिरवट चिकटा धरतो. हे मी तुला काय सांगतोय! तूच गावभर सांगत फिरायचीस, की रोज पळणाऱ्या गाड्यांना हे पेट्रोल चालतं, पण ही छोटी इंजिनं वर्षातले आठ महिने झोपतात, त्यांना इथेनॉल नसलेलंच हवं. मी तेव्हा लोकांना हसवायचो. "आता ही इंजिनांना बाटलीने दूध पाजणार," म्हणायचो. लोक हसायचे आणि मग वरच्या गल्लीत तुझ्याकडे जाऊन कॅन भरून आणायचे. तुझ्या पेट्रोलला ‘कोरं पेट्रोल’ हे नाव त्यांनीच दिलं.

काल माळी काय म्हणाला ऐक. माझ्याच स्टुलावर बसून, माझाच चहा पिऊन विचारतो, "ताईंकडचं कोरं पेट्रोल आता कुठे मिळेल हो?"

मी म्हटलं, "ताईंनाच विचार."

"ताई असत्या तर तुमच्याकडे कशाला आलो असतो?"

बोलताना त्याला काही वाटलं नाही. मला मात्र रात्रीचा घास गेला नाही. तुझं शटर नऊ महिने बंद आहे, त्याच्यावरून गंजाचे ओघळ आलेत, तरी येणारा जाणारा आधी वरच्या गल्लीकडे मान वळवतो. मी खालच्या रस्त्यावर चाळीस वर्षं बसलोय. मी काय फक्त हवा भरायला बसलोय का?

हे लिहायचं नव्हतं. पण खोडलं तर कागद घाण दिसेल.

बाबांचं आठवतं का तुला? दोघं त्यांच्या दुकानात फरशीवर बसायचो. मी बारा वर्षांचा, तू आठ. बंद इंजिन आलं की ते तुला बोलवायचे, मला नाही. तू कान लावायचीस आणि म्हणायचीस, "बाबा, हे श्वास अडकल्यासारखं करतंय." खोललं की तसंच निघायचं. कोणी आलं की बाबा सांगायचे, "कान पोरीचा, हात पोराचा." जाताना पितळी सुयांची डबी त्यांनी तुझ्या हातात दिली. मला पाना मिळाला. चांगला पाना आहे, अजून वापरतो. पण डबी ती डबी. तू वरच्या गल्लीत दुकान टाकलंस तेव्हा ती काचेमागे ठेवलीस. मी तिकडून जायचं सोडलं होतं ते त्या डबीमुळे, गुडघ्यामुळे नाही.

आता नावाड्याचं सांगतो. तू पत्रात त्याच्याबद्दलच चार वेळा विचारलं आहेस.

तो बरा आहे. जखम भरली. डाव्या हाताची दोन बोटं गेली ती गेलीच, पण उरलेल्यांनी नाव बांधतो, इंजिनाची दोरी उजव्याने ओढतो. गेल्या आठवड्यात दुकानात आला. मला वाटलं भांडायला आलाय, मी पाना हातात घेऊन उभा राहिलो. तर तो दारातच बसला आणि म्हणाला, "दादा, ताईंना लिहा, की माझ्या मनात काही नाही. चूक कोणाच्याही हातून होते. त्यांना म्हणावं या परत. माझं इंजिन मधेच खोकतंय, आणि ते ऐकणारं इथे कोणी नाही."

मी समोर उभा होतो, ठिणगे. चाळीस वर्षांचा मेकॅनिक. आणि तो मला सांगतोय, ऐकणारं कोणी नाही. ज्याच्या मते तुझ्या पेट्रोलने त्याची बोटं गेली, त्यालाही तूच हवी आहेस. मी त्याला म्हटलं, "लिहितो." आणि तो गेल्यावर मी हातातला पाना भिंतीवर फेकला. पोपडा उडालाय.

तू जाताना माझ्याकडे बाटली दिली होतीस, तिचं विचारते आहेस. प्रत्येक खेपेच्या पेट्रोलची एक बाटली भरून, लाखेने बंद करून, तारीख घालून फळीवर ठेवायची तुझी पद्धत. नावाड्याच्या कॅनमध्ये जे पेट्रोल होतं, त्याच खेपेची ही बाटली. तू म्हणालीस, "दादा, तू यातलं पेट्रोल पाण्यात हलवून बघ, इथेनॉल असेल तर पाण्याची रेघ चढेल. माझ्यात धीर नाही. तुझा हात स्थिर आहे. जे निघेल ते खरं खरं कळव, म्हणजे माझ्याकडून चूक झाली का ते मला कळेल."

पत्रातही तेच लिहिलं आहेस. "रेघ चढली का, एवढंच कळव."

ठिणगे, बाटली मी उघडलीच नाही. लाख जशीच्या तशी आहे. उघडायची गरज नव्हती. रेघ चढणार नाही हे मला ठाऊक होतं.

थांब, आधी पाणी पिऊन येतो.

वहिनी विचारते आहे, "कुठवर आलात?" म्हटलं, "बाटलीपर्यंत." ती म्हणाली, "मग आता थांबू नका."

तो वाद तुला आठवत असेल. धक्क्यावर सगळ्यांसमोर मी म्हणालो होतो, हिचं कोरं पेट्रोल म्हणजे नुसती चिठ्ठी चिकटवलेलं पंपावरचं पेट्रोल. तू चिडली नाहीस. म्हणालीस, "दादा, रविवारी नावाड्याचा कॅन घेऊ. तूच सगळ्यांसमोर बाटली हलव." तुझी ती खात्री मला सहन झाली नाही. लोक तुझ्याकडे बघून माना डोलवत होते.

शुक्रवारी दुपारी नावाडी जेवायला घरी गेला, तेव्हा मी धक्क्याच्या शेडमध्ये गेलो. तुझा कॅन तिथेच होता, लाल झाकणाचा, दहा लिटरचा, काठोकाठ भरलेला. बाबांनी शिकवल्यासारखं उंच बाटलीत बोटभर पाणी घेतलं, पाण्याच्या काठाशी खूण केली, वर तुझं पेट्रोल ओतलं, बूच लावून हलवलं आणि ठेवलं. इथेनॉल असलं की ते पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं आणि पाण्याची रेघ खुणेच्या वर चढते. मी पाच मिनिटं बघत बसलो. रेघ केसभरही हलली नाही. मी परत हलवली. परत तेच.

तिथे मला आनंद व्हायला हवा होता. बहीण खरी निघाली म्हणून. मला काय झालं ते मी अजून नीट सांगू शकत नाही. छातीत जळजळ उठली, पित्तासारखी. वाटलं, रविवारी ही बाटली मीच हलवणार, माझ्याच हाताने हिला सगळ्यांसमोर मोठं करणार, आणि संध्याकाळपर्यंत माझ्या स्टुलावर बसायला माणूस उरणार नाही.

मी दुकानातून डबे आणले, तुझा कॅन रिकाम्या डब्यात ओतून घेतला आणि कॅनमध्ये पंपावरचं पेट्रोल भरलं. झाकण पुसून होतं तसं लावलं. एवढंच मनात होतं, की रविवारी रेघ चढावी. शपथेवर सांगतो, एवढंच. शनिवारी नाव बंद असते. रविवारी बाटली हलवून झाली की तो कॅन मी काहीतरी कारण काढून घेऊन येणार होतो.

पण शनिवारी पलीकडच्या शाळेतल्या बाईंचा निरोप आला, बैठक आहे, सात जणांना आणायचंय. नावाड्याने जाण्याआधी टाकीत तोच कॅन ओतला. त्याच्या टाकीच्या तळाशी नेहमीच थोडं पाणी असतं, तुला माहीत आहे, तलावाच्या हवेत ते व्हायचंच. कोऱ्या पेट्रोलखाली ते पाणी गुपचूप पडून राहायचं, नळीच्या तोंडापर्यंत पोचायचं नाही. इथेनॉल त्यात उतरलं आणि रेघ चढली. टाकीतच चढली. बाटलीत मला जे बघायचं होतं ते तिकडे परतीच्या वाटेवर, भर तलावात, सात माणसं बसलेली असताना झालं. नळीने पाणी ओढलं, इंजिन बंद पडलं, वाऱ्याने नाव बांधाच्या दगडांवर नेली. नावाड्याने ती हाताने ढकलून धरायला बघितली. माणसं सगळी सुखरूप उतरली. त्याचा हात मधे राहिला.

मी काठावर होतो. सगळं कळत होतं मला. तेव्हाच बोललो असतो तर. पण कोणीतरी कॅनच्या तळाशी उरलेलं पेट्रोल आणलं आणि म्हणालं, "दादा, हलवा बाटली." आणि मी हलवली. हात एकदाही कापला नाही. रेघ चढली, लोकांनी तुझ्याकडे बघितलं, आणि तू, जिने कधी एक कॅन तपासल्याशिवाय दिला नाही, ती तू म्हणालीस, "माझ्याच हातून काहीतरी झालं असेल."

मी गप्प राहिलो. महिन्याने तू शटर ओढलंस, आणि जाताना ही बाटली माझ्याच हातात दिलीस. दुसऱ्या कोणाच्या नाही.

आता कळलं ना उशीर का झाला. खोकला नव्हता.

तुझं ओतून घेतलेलं पेट्रोल अजून थोडं माझ्याकडे आहे. बाबांच्या जुन्या फवारणीच्या पंपात घालतो. पहिल्याच ओढीला सुरू होतो. दर वेळी वाटतं, हिने नऊ महिने इंजिनाला हात लावला नाही, तरी माझ्या दुकानात अजून हीच चालतेय. आजही जळजळतं. माफी मागताना तरी मन साफ असावं, पण खोटं कशाला लिहू. तुझ्यावर जळतो मी. लहानपणापासून जळतो. बाबांच्या बोलण्यातला ‘कान पोरीचा’ एवढाच मी ऐकला. पुढचा हात माझा होता, आणि बाबा दोन्ही एका दमात म्हणायचे, हे आता सत्तरीत लक्षात येतंय.

वहिनीला मी हे काल सांगितलं. ती म्हणाली, "मला त्या शुक्रवारीच कळलं होतं. कपड्यांना पेट्रोलचा वास रोजच असतो, पण चपलांना तलावाचा चिखल होता. मी वाट बघत होते, तुम्ही स्वतः कधी बोलताय." दहा महिने तिने माझं ताट वाढलं आणि वाट बघितली. तुम्ही बायका माणसाला न मारता मारता.

टपालाची पेटी धक्क्याच्या वाटेवर आहे. पत्र टाकण्याआधी मी नावाड्याला हे सगळं सांगणार आहे, जसं तुला लिहिलं तसंच. वहिनी बरोबर येतेय, मी मधल्या गल्लीतून पळून जाऊ नये म्हणून. तो काय करेल माहीत नाही. मारलं तर मार खाईन. रविवारी धक्क्यावर सगळ्यांसमोरही सांगणार आहे.

बाटलीची लाख मात्र मी फोडणार नाही. ती तू येऊन फोड. लाख तुझी आहे, हातही तुझाच असू दे. मी फक्त बाजूला उभा राहीन. मग सगळे तुझ्याकडे वरच्या गल्लीत जातील आणि मी खाली एकटा बसेन, आणि मला ते बघवणार नाही हेही खरं. तरी ये.

नसशील येणार तर तसं लिही. शिव्या लिही. काहीच लिहावंसं वाटलं नाही, तर पाकिटावर माझा पत्ता तेवढा लिहून रिकामं पाठव, तुझं अक्षर मी ओळखतो. पण मी लावले तसे सात महिने लावू नकोस. हा हात आता कापायला लागलाय, वरच्या ओळी बघितल्यास म्हणजे कळेल.

लवकर कळव गं.

तुझ्या निरोपाची वाट बघत,
दादा