लिटरला अकरा

॥ श्री ॥

उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर
८ जानेवारी २०२५

चि. सौ. स्वरदा हिस बाबांचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझे पत्र पोचले. फोनवर मला अर्धे ऐकू येते आणि उरलेले अर्धे मी मनाने भरतो. त्यामुळे मागच्या वेळी ओवीला दात आला की ताप आला, यावर तुझ्या आईशी माझा दोन दिवस वाद चालला होता. पत्रच बरे.

मुद्द्याचे लिहितो. आपली गाडी थकली. बावीस वर्षे इमानाने चालली, लिटरला सोळाच्या खाली कधी उतरली नाही. दिवाळीनंतर मात्र चौदा, मग बारा, आणि गेले तीन आठवडे सरळ अकरा. माझी पद्धत तुला ठाऊक आहे. दर शुक्रवारी टाकी काठोकाठ भरायची आणि आठवडाभराच्या फेऱ्यांचे किलोमीटर त्या पेट्रोलने भागायचे. मीटरचा काटा मेला त्याला चार वर्षे झाली, पण मोजणी खात्यात हयात गेलेल्या माणसाला काट्याची गरज काय? घर ते बजाजनगर, घर ते भाजी मंडई, सगळी अंतरे मला तोंडपाठ आहेत.

राजकुमार मेकॅनिकने तीन रस्ते सांगितले. याच इंजिनाचे काम करून घ्यावे, किंवा गॅसचा किट बसवावा, किंवा त्याच्या ओळखीत एक जुने डिझेल इंजिन आहे ते टाकावे. डिझेल वीस-बावीस देईल म्हणतो. माझे मन डिझेलकडे झुकते आहे. तू रोज इंजिनेच तपासतेस, तेव्हा तुझा सल्ला घेतल्याशिवाय हात लावणार नाही.

घाई एवढ्यासाठी की मंगळवार-शनिवार बजाजनगरला सुलेखामावशीकडे जाणे चुकवता येत नाही. ती पडून आहे त्याला तीन वर्षे झाली. स्वयंपाकाला बाई येते, पण न्हाऊ घालणे, वेणी घालणे हे तुझ्या आईशिवाय ती कुणाला करू देत नाही. गाडी बंद पडली तर या दोघी बहिणींचे भेटणेच बंद पडेल.

आणखी एक. ड्रायव्हरची सीट आपोआप पुढे सरकून बसते. गुडघे स्टिअरिंगला लागतात. खाचा झिजल्या असाव्यात.

ओवीस गोड पापा. उत्तर लवकर धाड.

तुझा,
बाबा


पुणे
१४ जानेवारी २०२५

ती. बाबांना स्वरदाचा शिरसाष्टांग नमस्कार.

संक्रांतीचा तिळगूळ सोबत आहे, आईला दोन वड्या जास्त. ओवीला दातही आला आणि तापही आला होता, तेव्हा तुम्ही दोघंही जिंकलात.

डिझेलचा विचार सोडा. आठवड्याला ऐंशी किलोमीटर चालणाऱ्या गाडीला डिझेल म्हणजे एका माणसासाठी पंगतीचं पातेलं चढवण्यासारखं आहे. शिवाय ते इंजिन वजनदार असतं. पुढची चाकं दबतील, आपल्या गाडीला पॉवर स्टिअरिंग नाही, म्हणजे वळवताना खांदे भरून येतील. आरटीओची परवानगी आणि कागदपत्रं वेगळीच. गॅसनं डिकी जाईल. मला विचाराल तर आहे तेच इंजिन ठेवावं.

पण बाबा, सोळावरून अकरावर आलेलं इंजिन काहीतरी बोलतं. काळा धूर निघतो का? पेट्रोलचा वास येतो का? चढावर दम लागतो का? यातलं काही नसेल तर राजकुमारला इंजिनातला दाब, म्हणजे कॉम्प्रेशन, तपासायला सांगा. तेही ठीक निघालं तर इंजिन निर्दोष आहे. मग एकच शक्यता उरते, ती म्हणजे दर आठवड्याला तीसएक किलोमीटर तुमच्या वहीत येत नाहीत. काटा आधी दुरुस्त करा, म्हणजे कळेल.

सीटबद्दल मी काहीच म्हणत नाही. ती किती पुढे सरकते, चार बोटं की वीतभर, ते तेवढं मोजून ठेवा.

आपली,
स्वरदा


उस्मानपुरा
२० जानेवारी २०२५

चि. स्वरदास आईचे आशीर्वाद.

हे पत्र मी तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकते आहे आणि बाबांना ते माहीत नाही. तुझं पत्र त्यांनी मला मोठ्यानं वाचून दाखवलं. वीतभर हा शब्द आला तेव्हा मी निवडलेले तीळ पुन्हा निवडायला घेतले. तुला कळलंच आहे, तर सगळं सांगून टाकते.

बाबा जेवून दीड वाजता आडवे होतात ते साडेतीनला उठतात. कानातलं यंत्र काढून ठेवलेलं असतं, दारात बँड वाजला तरी त्यांना पत्ता नसतो. त्या वेळात मी समोरच्या प्रेरणाला घेऊन छावणीकडे जाते. तिकडचे रस्ते रुंद आहेत आणि दुपारी मोकळे असतात. ती शेजारी बसून शिकवते, मी चालवते. शिकाऊ परवाना काढला आहे, दहा फेब्रुवारीला पक्क्या परवान्याची परीक्षा आहे. सहासष्टाव्या वर्षी तुझी आई पहिल्या गिअरमधून दुसऱ्यात जाताना अजून देवाचं नाव घेते. पहिल्या आठवड्यात मी हँडब्रेक ओढलेला तसाच ठेवून दोन किलोमीटर गेले. तुमचं ते ॲव्हरेज माझ्यामुळंच पडलं. सीट मागं सरकवायचं मात्र रोज राहून जातं.

मी हे हौसेनं करत नाही गं. दिवाळीच्या साफसफाईत पंचांगात घडी घालून ठेवलेला डोळ्यांच्या डॉक्टरांचा कागद सापडला. बाबांना काचबिंदू आहे. बाजूचं दिसणं कमी होत चाललंय, गाडी चालवणं बंद करा असं त्यावर स्पष्ट लिहिलंय. त्यांनी मला सांगितलं नाही. मी सुलेखाकडे जाणं सोडून देईन ही त्यांना भीती, आणि मी तसंच केलं असतं. मागच्या महिन्यात उजवीकडून आलेली रिक्षा त्यांना दिसलीच नाही. मी ओरडले म्हणून वाचलो.

तीन वर्षं हा माणूस आठवड्यातून दोनदा मला घेऊन जातो. तासन् तास बाहेर गाडीत पेपर वाचत बसतो, कारण बायकांच्या न्हाण्याधुण्याच्या घरात पुरुषानं घुटमळू नये म्हणतो. एकदाही कंटाळा दाखवला नाही. त्यांचे हे उपकार मी कुठं ठेवू? त्यांच्या हातून गाडी काढून घ्यायची तर आधी ती माझ्या हाती आली पाहिजे, एवढंच माझ्या मनात होतं. तू डिझेल नको म्हणालीस ते फार बरं केलंस. जड स्टिअरिंग माझ्यानं ओढलं नसतं.

आता काय करू ते सांग.

तुझी,
आई


पुणे
२४ जानेवारी २०२५

ती. आईस सा. न.

पत्र वाचून आधी हसले आणि मग ऑफिसच्या जिन्यात जाऊन रडले. तुझा मला फार अभिमान वाटतो. पण आई, दहा तारखेची वाट पाहू नकोस. बाबांना आजच सांग. त्यांचंही आणि तुझंही. परवाना येईपर्यंत मावशीकडे रिक्षानं जा, मी ठरवून देते. त्या रिक्षावाल्याच्या जागी उद्या शाळेतली मुलं असतील. बाबा चिडतील. चिडू देत. ते तुझ्यावर चिडून फार वेळ राहू शकत नाहीत, मी लहानपणापासून बघते आहे.

तुझी,
स्वरदा


॥ श्री ॥

उस्मानपुरा
२३ फेब्रुवारी २०२५

चि. सौ. स्वरदा हिस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इंजिन तेच ठेवले. राजकुमारने कॉम्प्रेशन तपासून सांगितले की त्याला काही झालेले नाही, साहेब, लई मजबूत हाय. बिघाड माझ्या वहीत होता.

तुझ्या आईने सांगितले त्या दिवशी मी चिडलो. दुपारच्या वाहतुकीत, मला न सांगता, वगैरे बरेच बोललो. मग तिने पंचांगातला कागद माझ्यासमोर ठेवला. मी तो लपवला होता, कारण गाडी सोडली तर मी तुमच्या कुणाच्या उपयोगाचा राहणार नाही असे मला वाटत होते. त्याच्यापायी तिचा जीव मी धोक्यात घातला. त्याची मला लाज वाटते. किल्ली मी त्याच संध्याकाळी तिच्या हाती दिली.

परीक्षेत ती पहिल्या फटक्यात पास झाली. काल शनिवारी तिने गाडी बजाजनगरला नेली. मी डावीकडे बसलो होतो. सगळा रस्ता तिसऱ्या गिअरमध्ये आलो, ट्रक भोंगे वाजवून पुढे गेले, पण मी एक शब्द बोललो नाही. निदान मोठ्याने नाही.

काल मी बाहेर गाडीत न थांबता आत गेलो, आणि तिथे एक वेगळेच घडले. गाडी ताईने आणली हे कळल्यावर सुलेखाने तिच्या कानात काही सांगितले. तीन वर्षांत मी तिला अनेकदा म्हटले होते की चल, एक चक्कर मारून आणतो. ती नेहमी मान हलवायची, नको दाजी. मला वाटायचे तिला इच्छाच नाही. काल कळले की इच्छा पहिल्या दिवसापासून होती. पण दाजींसमोर उचलून गाडीत बसवायचे, मागे कलंडलेल्या पोत्यासारखे बसायचे, याचा तिला संकोच वाटत होता. दोघीच जाणार असतील तर यायचे होते.

मला स्वयंपाकघरात उभे करून दार लोटण्यात आले. बाई आणि शेजारच्या दोघी मदतीला आल्या असाव्यात, मला काही ऐकू आले नाही. बऱ्याच वेळाने दार उघडून बाहेर आलो तर घरात कुणी नव्हते. सुलेखाची खाट रिकामी होती. ती रिकामी मी कधी पाहिली नव्हती. मी खाटेच्या कडेला बसलो आणि मला रडू आले.

दीड तासाने परत आल्या. छावणीच्या बाजारात गाडी उभी करून दोघींनी उसाचा रस प्यायला म्हणे. सुलेखाच्या साडीवर रस सांडला होता आणि ती लहान मुलीसारखी हसत होती.

परतताना तुझ्या आईला काहीतरी म्हणावे असे फार वाटले. बेचाळीस वर्षांत सवय नाही, आणि ती रस्त्याकडे बघत होती. म्हणून तुला लिहितो. हे पत्र मिळाले की तिला फोन कर आणि एवढे वाचून दाखव: भानुमती, मी तुझा फार ऋणी आहे. ती काय म्हणते ते मात्र मला पत्रानेच कळव, म्हणजे एक शब्दही चुकणार नाही.

माया आहे तशीच राहू दे.

तुझा,
बाबा