राखणीची बाटली

३ डिसेंबर, मंगळवार
न पिता २३४वा दिवस. बी.ए.चं शेवटचं वर्ष अठरा वर्षांनी पुन्हा धरलंय. पहिला पेपर १६ला. दिघीहून बोटीने आगरदांडा, तिथून मुरूडला वर्ग. उतरताना खलाशाने दंड धरला. पूर्वी पडायचो म्हणून. आता पडत नाही. त्याच्या हाताला अजून कळलेलं नाही.

५ डिसेंबर, गुरुवार
आगरदांड्याला बैठक. दारू सोडलेले आम्ही सहा जण, एक पंखा. रविवारी शेताची राखण आहे, ते सांगितलं. बांधावरच्या राखणदार देवाला कोंबडा आणि दारूची धार. अण्णा गेल्यापासून मान माझा, थोरला मुलगा म्हणून. गेल्या साली धार सोडली नि उरलेली तिथेच संपवली.
आमच्यातले नाना पूर्वी ट्रकवर होते. अकरा वर्षं कोरडे. म्हणाले, "धार सोड नि चालू लाग. कोंबडा शिजेपर्यंत थांबू नको."
"वासाचं काय?"
"तोंडाने श्वास घे. पदवीधर होणारेस, येवढं जमंल."
सगळे हसले. मीही.

८ डिसेंबर, रविवार
बाटली काकाने शुक्रवारीच आणून ओटीवरच्या फळीवर ठेवली होती. सकाळी बांधावर मी, काका, दोघे चुलतभाऊ. बूच सैल लागलं. तोंडाने श्वास घेत धार सोडली. मग न राहवून नाकाने घेतला. वासच नाही.
काकाने बोट ओलं करून चाखलं.
"पानी हाय."
बाटली माझ्या हातातून काढून घेतली. मग तोच, "देवाची बी सोडली न्हाईस रं?"
पिऊन पाणी भरून ठेवायचं, हे माझंच जुनं काम. अण्णांच्या बाटलीत करायचो. सगळ्यांना माहीत.
कोंबडा जिवंत परत आला.

९ डिसेंबर, सोमवार
आई चुलीशी. न बघता म्हणाली, "मीच वतली. मोरीत. तुज्या हाताला वास नको."
राखणीच्या वस्तूला बाईने हात लावायचा नसतो. काकाला कळलं तर वर्षभर जनावर मेलं, कोणी तापलं, सगळं तिच्या माथी.
"सांगू त्याला?"
"नको."
पुस्तक घेऊन बसलो. एकच पान, चारदा.

१२ डिसेंबर, गुरुवार
बैठकीत सांगितलं. आईचं सोडून.
"प्यायलास?" नाना.
"नाही."
"बरं."
त्या 'बरं'मध्ये शंकेला थोडी जागा होती. मीही ठेवली असती.

१३ डिसेंबर, शुक्रवार
काका अंगणातूनच, "राखण परवा परत. चुकवलीस तू, बाटली तूच आनायची. दुकानातून, सगल्यांम्होरं." आई दारात आली. तोंड उघडलं. मी तिच्याकडे बघितलं. आत गेली.

१४ डिसेंबर, शनिवार
२४५वा दिवस. दारूच्या दुकानात एप्रिलपासून पाऊल नाही. नानांना फोन केला. या वेळी आईचंही सांगितलं.
"उद्या येतो."
"दुकानात?"
"अकरा वर्षांत पायरी चढलो न्हाय मी बी."
"मग नका येऊ."
"नऊची बोट. धक्क्यावर ऱ्हा."
दुकान दहाला उघडतं. मधला तास कुठे काढायचा, ठरलेलं नाही. पुस्तक बरोबर घेईन.