काळी दाढी

महाड, मंगळवार, संध्याकाळ

लेकीने सांभाळायला दिलेल्या दाढीवाल्या सरड्याची दाढी, म्हणजे गळ्याखालची काटेरी कातडी, आज पुन्हा कोळशासारखी काळी झाली. आ वासून उबेच्या दिव्याखाली बसणं त्याचं नेहमीचं, ते मला माहीत आहे. पण ही काळी दाढी? आणि दोन दिवस काही खाल्लेलं नाही. मेला तर तिला काय सांगू?

शेजारच्या काकी हसल्या. "अगो, तू त्याच्यासमोर भाषण ठोकतेस ना, तवाच काळा होतो. आजारी नाय, तुला भ्यालाय!"

उद्याच्या सभेची तालीम मी त्याच्या काचेच्या पेटीपुढेच करते, मूठ उगारून. समोर कुणीतरी हवं ना? त्याला उठून जाता येत नाही, हे सुचलंच नाही.

तासभर गप्प बसले आहे, तरी दाढी काळीच. काकींचं खरं निघू दे. तो मलाच भ्यालेला असू दे.