देवीच्या घराण्यातली लस

आई, आज तुझी आठवण आली ती गोठ्यात. माझा हात गाईच्या मानेवर होता आणि हाताखाली गाठ लागत होती.

तू गेलीस तेव्हा मी जनावरांची डॉक्टर झाले नव्हते, म्हणून सुरुवातीपासून सांगते. फुलसावंगीच्या पुढच्या एका वस्तीत लम्पी आलाय. गुरांना ताप भरतो, अंगभर गाठी उठतात, काही दगावतात. आमच्याकडे आहे ती लस शेळ्यांच्या देवी रोगाची. तीच गाईला टोचायची. चार दिवसांपूर्वी ती घेऊन गेले, तर वस्तीत कुणी जनावर पुढे करेना. शेवटी एक काकू तयार झाल्या आणि ऐन सुईच्या वेळी अडल्या. त्यांची एकच दुभती गाय, घर तिच्याच दुधावर.

"बकरीची लस माह्या गायीले कायले टोचता बाई? हे का बकरी हाय?"

बाकीची वस्ती कुंपणाला रेलून ऐकत होती. आणि मला आपलं स्वयंपाकघर दिसलं. तू वरणफळांसाठी पोळी लाटतेयस, मी ओट्याशी उभी राहून बारावीची उजळणी म्हणतेय. शाळेत शिकवून आलेली तू घरीही बाईच असायचीस. "विषाणूचं नुसतं नाव काय सांगतेस? सोयरीक जुळवताना विचारतो तसं घराणं विचार. आत डीएनए की आरएनए? अंगावर चरबीचं कवच, की उघडाच?" फ्लूचं घराणं आरएनएचं, सारखं रूप बदलणारं. नागिणीचं डीएनएचं, एकदा शिरलं की जन्मभर मज्जातंतूंत दबा धरून बसणारं. आणि देवीचं घराणं दांडगं, विटेसारखं. डीएनएचं असूनही पेशीच्या माजघरात, म्हणजे केंद्रकात, न जाता ओसरीवरच संसार थाटणारं. मी ऐटीत म्हणाले, "कवचवाले बाहेर टिकत नाहीत, साबणानं मरतात." तुझं लाटणं थांबलं. "बहुतेक. देवीवाले कवच असूनही खपलीत महिनोनमहिने टिकतात. 'बहुतेक' गाळलंस की उत्तर चुकलं." मग सगळं पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलंस. मला तुझा भयंकर राग आला होता, तरी वरणफळं दोनदा वाढून घेतली.

तर मी काकूंना म्हणाले, "काकू, गाईचा हा रोग आणि बकरीची देवी सख्खे चुलत भाऊ. घराणं एकच. अंगानं एकाला ओळखलं की दुसऱ्यालाही ओळखतं." घराणं म्हटल्यावर त्यांना लगेच पटलं.

"मंग माह्या गायीले काही होत नाही ना? नक्की?"

"नक्की," मी म्हणाले. बहुतेक म्हटलं असतं तर त्यांनी दावं सोडून गाय आत नेली असती. रोग आधीच अंगात शिरलेला असेल तर लस तरी काय करणार, हे मी गिळून टाकलं.

आज सकाळी त्यांचा फोन आला. "बाई, गाठ आली. लवकर या." गेले तर कुंपणाशी तीच माणसं. काकूंनी माझ्याकडे बघितलंही नाही. मी गाईच्या पोटाखाली, कासेवर, पायांवर, शेपटीखाली हात फिरवला. मला भीती वाटत होती आई. ताप पाहिला, नव्हता. पुन्हा सगळीकडून हात फिरवला. गाठ तेवढी एकच, सुई टोचली त्या जागेवरची. लशीची सूज, आपोआप उतरणारी.

हे सांगितलं तशा काकू कुंपणाकडे वळून ओरडल्या, "काय म्हनत होती मी? बाईनं नक्की म्हटलं म्हंजे नक्की!" जणू शंका त्यांनी कधी काढलीच नव्हती. आता उद्या सगळी वस्ती गुरं घेऊन येणार आहे. त्यातलं एखादं आधीच रोग घेऊन आलेलं असेल, लस टोचूनही दगावेल, आणि त्याचा मालक काकूंचं हे वाक्य मला ऐकवेल. मी तिथंच बोलायला हवं होतं. चहा पिऊन निघून आले.

हे तुला पाठवू तरी कुठे? उद्या टोचायच्या आधी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगेन. बहुतेक.