पारसचा पेशा

सांगली,
बुधवार, ९ जुलै २०२५

चिरंजीव जयपाल यास आईचा आशीर्वाद आणि जय जिनेंद्र.

मी बरी आहे. आटपाडीत डाळिंबाची आवक कशी आहे? सूनबाईंची पाठ राहिली का दुखायची? फोन केला की तू वरडतोस आणि माझं निम्मं बोलणं घशातच राहतं, म्हणून पत्र. नानासो उद्या तिकडं येतायत, त्यांच्या हाती देते. अक्षर वाकडंतिकडं आहे, सांभाळून घे.

रविवारी टेम्पो घेऊन येणार आणि पारसला सामानासकट उचलून अडतीवर बसवणार, असं तू लेकाला ठणकावलंस. “फाशांचा खेळ खेळतंय कार्टं,” म्हणालास. तर तो खेळ मी बघितलाय. बघितलाय काय, खेळलेय. पैशाचा नव्हे तो.

शेजारची पल्लवी गोष्ट सांगते, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात. कुठं अडलं की फासा टाकायचा. असे दोन खेळ आहेत त्यांच्याकडं. पहिल्यात आरंभालाच पेशा निवडायचा, क्लास म्हणतात त्याला. लढवय्या, जादूगार, चोर, वैद्य. घेतला की त्याच्याच पायऱ्या चढायच्या. दुसऱ्यात पेशाच नाही, जे काम कराल त्यात हात बसत जातो. मला आधी दुसराच आवडला. पण त्यात सगळ्यांना सगळं थोडं थोडं येतं, आणि पारसचा दोस्त शिवतेज खेळात दरीत कोसळला तेव्हा जखम नीट बांधणारा एक निघेना. पहिल्यात प्रत्येकाचं दुसऱ्यावाचून अडतं, ते मला पटलं.

पहिल्या खेळात पारस कायम वैद्य. शिवतेज म्हणाला, “पट्ट्या बांधत बस लेका, राक्षस आमी मारतो.”

“पडलास की मग हाक मार,” पारस म्हणाला. “वैद्य कवा लागतो ते आज्जीला विचार.”

त्यानं माझं नाव घेतलं. का, ते आता सांगते. रागावू नकोस.

मागल्या पंधरवड्यात न्हाणीत माझा पाय घसरला. उजवं मनगट मोडलं. तुला कळवायचं नाही, अशी गळ मीच पारसला घातली. त्यानं वर्तमानपत्राची जाड घडी हाताखाली धरून जुन्या ओढणीनं बांधली, मग रिक्षा आणून दवाखान्यात नेलं. मी कळवळत होते, पण त्याचा हात हलला नाही. तवापासून माझी वेणी तोच घालतो, भात तोच भरवतो.

आता उरलेलं. साताऱ्याला नर्सिंगला त्याचा नंबर लागलाय. शनिवारी हजर व्हायचंय, नाहीतर जागा जाईल. तुझ्या धाकानं तो ‘नको’ म्हणतोय आणि रात्री जेवत नाही.

जयपाल, पहिल्या खेळाचे नियम लय कडक. पण तिथंसुद्धा पेशा ज्याचा तोच निवडतो, बाप निवडत नाही. आणि मधेच बदलला तर आधीच्या पायऱ्या पुसल्या जात नाहीत. डाळिंब वाजवून पारखायला तू शिकवलंस, ते त्याच्या हातून कुठं जात नाही.

शनिवारी मी त्याला घेऊन यष्टीनं साताऱ्याला जातेय, प्लास्टरच्या हातानं. तुला विचारत नाही, सांगतेय.

रविवारी तू ये. टेम्पो आणू नकोस. पारस नसेल. मी असेन, मोकळ्या केसांनी, वेणी घालायला कुणी नाही म्हणून.

डाव्या हातानं लिहिणारी
तुझी आई,
गुणमाला