साडेचार इंचाचा पुठ्ठा

५ सप्टेंबर, शुक्रवार

पुठ्ठा गेला! बॉयलर सूटच्या मांडीवरच्या खिशात राहिला आणि सूट लाँड्रीत गेला. परत आला तेव्हा खिशात नुसता राखाडी लगदा. गोधडीचे तुकडे मापात कापायला आईने साडीच्या खोक्याचा कापून दिला होता, साडेचार इंचाचा चौकोन, कोपऱ्यात पेनाने माझ्या नावाचा 'प्र'. दुबई, मस्कत, आता कुवेत – तीन वर्षं टिकला आणि एका धुण्यात संपला.

फूटपट्टी आणायला कोपऱ्यावरच्या बकाल्यात, म्हणजे वाण्याच्या दुकानात गेलो. दारात दोन इजिप्शियन म्हातारे सोंगट्या खेळत होते, बघत उभा राहिलो. एक जण हरतोय हे त्याच्याआधी मला कळलं होतं. परत आलो तर हातात लबानची, म्हणजे ताकाची बाटली आणि नव्या चपला. फूटपट्टी राहिलीच.

जाऊ दे. एक तुकडा कापलेला आहे. त्याच्यावरून दुसरा कापायचा, दुसऱ्यावरून तिसरा. त्यात काय!

७ सप्टेंबर, रविवार

कंटाळा. त्रेचाळीस डिग्री. लिहायला काही नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

रिग्गईच्या खोलीवरून मीना अल-अहमदीला कामावर जायला एक तास, यायला दीड. माझं शिवण बसमध्येच काय ते होतं. कापायचं काम शुक्रवारी खोलीवर, कारण गेटवर कात्री सोडत नाहीत. सुई टोपीच्या आत टोचून ठेवतो.

दिवसभर रिफायनरीत गरम पाइपांना काचेची लोकर गुंडाळायची, वर पत्रा चढवायचा. लोकरीची कुसळं बोटांत राहतात, मग सुई धरली की बोटं चुणचुणतात. शेजारच्या सीटवर महादेव असतो, सावर्ड्याचा, फिटर. आज म्हणाला, "दिवसा पाइपांना गोधड्या, बसमध्ये माणसांना. तुझ्या होणाऱ्या बायकोला काही काम ठेवशील की नाही?" मागच्या सीटपर्यंत हसले सगळे. त्याचीच जुनी लुंगी कापून शिवतोय मी, तरी बोलतो.

एक टाका घातला की डोळे मिटतात. दुसरा कुठे पडतो देव जाणे.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

फहाहीलला पद्मजाताईंकडे जमलो. आम्ही चौघं. पद्मजाताई पुण्याच्या, नवरा इंजिनियर, घरात एसी असा की हुडहुडी भरते. नर्मदामावशी बॅचलर लोकांची मेस चालवते. फातिमाआपा इथे एकोणीस वर्षं लेडीज टेलरच्या दुकानात. मी त्यांच्याकडे कातरण मागायला गेलो होतो, तेव्हापासून ओळख. त्या दाभोळच्या, मी धोपाव्याचा. पहिल्याच दिवशी म्हणाल्या होत्या, "म्हणजे तुझ्यामाझ्यात एक फेरीबोट."

आमचा नियम असा – प्रत्येकाने प्रत्येकासाठी नऊ चौकोन करायचे. चार तुकडे जोडून एक चौकोन, कापड अंगावर वापरलेलंच हवं. स्वतःचे नऊ धरून छत्तीस झाले की एक गोधडी. कोण कुठे पांगलं तरी चौघांचे हात एकत्र राहतात.

आज आपा म्हणाल्या, चार ऑक्टोबरचं तिकीट काढलंय. कायमचं. मावशीने उगाच चहा गाळला. मग ठरलं की आधी आपांची गोधडी. सगळ्यांनी सव्वीसपर्यंत नऊ-नऊ आणायचे. त्यांनी अस्तर घरी लावायचं, पण वरचा भाग इथूनच जोडून न्यायचा.

निघताना आपांनी विचारलं, आईला फोन करतोस ना? हो म्हटलं. शेवटचा जूनमध्ये केला होता. एका वर्षासाठी म्हणून निघालो होतो ना! ती दुसरं काही विचारत नाही, फक्त "कधी येतोस?" आता तिचा फोन वाजला की मी नुसता बघत बसतो.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सात झाले. हे बरे भराभर होताहेत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

काय लिहू.

पद्मजाताईंच्या हॉलमध्ये लादीवर मांडले. तिघींचे अगदी एकाला एक. माझे ठेवायला लागलो तर पहिला बसला, तिसरा दाटला, सातवा दुसऱ्याच्या अंगावर. तुकड्यावरून तुकडा कापताना दर वेळी पेन्सिलीच्या रेघेएवढं वाढत गेलं. नववा इंचभर मोठा! मावशी म्हणाली, "पहिला पोर, नववा त्याचा बाप." पद्मजाताईंनी लगेच कात्री घेतली. आपांनी त्यांचा हात धरला. नुसत्या कडा कापून चालत नाही, मधली शिवण एका बाजूला सरकते.

आठवडा राहिलाय आणि माझे नऊ नाहीत. म्हणजे आपांची गोधडी नाही.

खरं सांगायचं तर मी चपला शोधत होतो. मस्कतहून असाच निघालो होतो, न सांगता. दोहाला माझा मित्र शैलेश आहे, कामाला जागा आहे म्हणतो, कधीपासून बोलावतोय.

आपा रागावल्या असत्या तर गेलो असतो. त्यांनी माझे नऊ गोळा करून स्वतःच्या पिशवीत घातले.

"टाकू नको हे. मला लागतील."

कशाला ते सांगितलं नाही. मग चहा पिताना विचारत राहिल्या, धोपाव्यात घर कुठे, जेटीपासून किती, दारात काय आहे. मी पण पाल्हाळ लावला – चढण, निळा दरवाजा, आईच्या गोधड्यांची दोरी, शेजारचा खवचट कुत्रा. बोलता बोलता चपलांचं विसरलोच.

पद्मजाताईंनी जाड प्लास्टिकचा साडेचार इंची चौकोन कापून दिला. म्हणाल्या, "धुतलास तरी चालेल." तिथेच बसून छत्तीस तुकडे कापले.

२९ सप्टेंबर, सोमवार

दोन.

३० सप्टेंबर, मंगळवार

मान धरली आहे. महादेव सुया ओवून देतो, तीन तयार ठेवतो. चार झाले.

२ ऑक्टोबर, गुरुवार

नववा! परतीच्या बसमध्ये, रिग्गईच्या सिग्नलला. दाताने दोरा तोडला. आनंदबिनंद काही नाही, झोप येतेय.

३ ऑक्टोबर, शुक्रवार

जोडली. सगळे चौकोन बसले, एकही दाटला नाही. आपा हात फिरवत राहिल्या, महादेवच्या लुंगीवरून पण.

४ ऑक्टोबर, शनिवार

ड्युटी होती, विमानतळावर जाता आलं नाही. गेल्या.

८ ऑक्टोबर, बुधवार

शैलेशला हो म्हटलं. महिनाअखेर दोहा. इथे आता काय राहिलंय!

१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आपांनी फोटो पाठवला, खाली सगळी हकीकत लिहून. निळा दरवाजा, आमची ओटी, आई. आपा फेरीबोटीने गेल्या होत्या! आईसमोर माझे नऊ चुकलेले चौकोन. पिशवीत कोंबलेले तसेच दिले होते म्हणे. आईने फूटपट्टी मागितली नाही, बोटांनी चाचपत ओळीने लावले, पहिल्यापासून नवव्यापर्यंत. एकही इकडचा तिकडे नाही. मग आपांना म्हणाली, "पुठ्ठा हरवला वाटतं ह्याचा."

मी फोन लावला. कधी येतोस विचारलंच नाही तिने. प्लास्टिकचा खिशात होता, तरी मी म्हटलं, नवा कापून पाठव.

"कापलाय," म्हणाली. "पाठवायची नाही. न्यायला ये."